डेटाबेसने 'कमिट झालं' म्हटलं म्हणजे नक्की कुठे झालं? तीन मशीनवर रेप्लिकेशन स्वतः लावून बघा

माझ्या आधीच्या नोकरीत एका रात्री मुख्य डेटाबेस मशीनची डिस्क गेली. बाजूला रेप्लिका (त्याच डेटाची दुसऱ्या मशीनवरची प्रत) चालू होती, ती पुढे केली, थोड्या वेळात साईट परत उभी राहिली आणि आम्ही सगळे झोपायला गेलो. सकाळी सपोर्टचे फोन सुरू झाले. लोकांच्या खात्यातून पैसे गेलेत, मोबाईलवर 'ऑर्डर कन्फर्म' असा मेसेज पण आलाय, आणि आमच्या टेबलमध्ये ती ऑर्डरच नाही. मग पेमेंट गेटवेचा रिपोर्ट एका बाजूला आणि आमचं टेबल दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक ओळ जुळवत बसलो. कोडमध्ये चूक नव्हती, रेप्लिका पण ठणठणीत होती. डेटाबेसने 'कमिट झालं', म्हणजे बदल पक्का झाला, अशी जी पोच दिली होती ती फक्त त्या एका मशीनच्या भरवशावर दिलेली, आणि नेमकं तेच मशीन गेलं.

तेव्हापासून कुठलाही डेटाबेस समोर आला की मी दोन प्रश्न विचारतो. पोच दिली त्या क्षणी राईट (म्हणजे लिहिलेला बदल) किती मशीनच्या डिस्कवर होता? आणि मुख्य मशीन गेलं तर उरलेल्यांपैकी पुढे कोण येणार, हे कोण आणि कशावरून ठरवणार? हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारायचे, कारण पोच देणारा वेगळा आणि पुढे येणारा वेगळा असं झालं की डेटा गेलाच म्हणून समजा. खाली जे काही आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

हे वाचून समजत नाही, करून समजतं. त्यामुळे पोस्टग्रेस हा डेटाबेस घेऊन तीन लहान व्हर्च्युअल मशीन उभी करा (डॉकरवर केलं तरी चालेल), व्हर्जन १३ किंवा त्यापुढचं घ्या. मी त्यांना एन१, एन२, एन३ म्हणतोय, एन१ प्रायमरी (सगळे राईट घेणारं मुख्य मशीन) आणि बाकी दोन स्टँडबाय (त्याच्या रेप्लिका). सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिलीयेत, फाईलमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग लागेल.

आधी हे बघू की एका मशीनवरून दुसरीकडे जातं काय

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की एन१ वर चाललेली इन्सर्ट-अपडेटची क्वेरी जशीच्या तशी एन२ ला पाठवत असतील. तसं करता येतं, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बरीच वर्षं तेच चालायचं, पण क्वेरीमध्ये 'आत्ताची वेळ' किंवा 'रँडम आकडा' असं काही असलं की दोन मशीनवर दोन वेगळी उत्तरं येतात आणि डेटा हळूहळू फाटत जातो, कुणाला कळत पण नाही. मायएसक्यूएलने ५.७ मध्ये बिनलॉगचा (रेप्लिकाला पाठवायच्या बदलांच्या लॉगचा) डिफॉल्ट बदलून बदललेल्या ओळी पाठवायचं ठरवलं ते याच कारणाने.

पोस्टग्रेस पाठवतो तो त्याचा वॉल, म्हणजे राईट-अहेड लॉग. ज्यांनी दुकानाच्या वह्या बघितल्यात त्यांना हे लगेच कळेल. दिवसभरात जे घडेल ते आधी कीर्दीत क्रमाने लिहायचं, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचं. वॉल ही कीर्द, टेबलच्या फाईल्स ही खतावणी. कमिट झालं म्हणजे कीर्दीत ओळ पडली आणि ती डिस्कवर पक्की झाली, खतावणी नंतर होते. मशीन मधेच बंद पडलं तरी कीर्द वाचून खतावणी परत करता येते. आणि रेप्लिकेशन म्हणजे हीच कीर्द ओळीमागून ओळ दुसऱ्या दुकानात पाठवत राहायची, तिथला मुनीम तीच खतावणी त्याच क्रमाने करेल. कीर्दीतल्या प्रत्येक जागेला एक नंबर असतो, त्याला एलएसएन म्हणतात, म्हणजे लॉगच्या सुरुवातीपासून कितवी बाईट. हा नंबर लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशोब यानेच करायचाय.

पायरी १: एन१ तयार करा

वॉल_लेव्हल 'रेप्लिका' पाहिजे, जे व्हर्जन १० पासून डिफॉल्टच आहे. लिसन_अ‍ॅड्रेसेस मध्ये मशीनचा पत्ता द्या नाहीतर बाहेरून कुणी जोडलंच जाणार नाही. रेप्लिकेशनचा हक्क असलेला एक वेगळा युजर बनवा, सुपरयुजर वापरू नका. मग पीजी_एचबीए फाईलमध्ये (कोण कुठून जोडू शकतं ते ठरवणारी) त्या युजरसाठी एक ओळ टाका, आणि इथे बरेच जण अडकतात: डेटाबेसच्या रकान्यात 'ऑल' लिहिलं तर रेप्लिकेशनचं कनेक्शन त्यात धरत नाहीत, तिथे 'रेप्लिकेशन' हा शब्दच स्वतंत्रपणे लिहावा लागतो. पासवर्डसाठी स्क्रॅम-शा-२५६ ठेवा. सर्व्हर रीस्टार्ट करा.

पायरी २: एन२ आणि एन३ वर मूळ कॉपी घ्या

स्टँडबायवर डेटा डिरेक्टरी पूर्ण रिकामी करा (आधी दोनदा बघा की तुम्ही खरंच एन२ वरच आहात, याची गोष्ट शेवटी सांगतो) आणि पीजी_बेसबॅकअप चालवा. त्याला मोठा 'आर' हा पर्याय द्या म्हणजे स्टँडबाय.सिग्नल नावाची फाईल आणि प्रायमरीचा पत्ता तो आपणहून लिहून ठेवतो, मोठा 'सी' आणि मोठा 'एस' देऊन स्लॉट पण तिथल्या तिथे तयार करून घ्या, प्रत्येक स्टँडबायला वेगळ्या नावाचा.

स्लॉट म्हणजे एन१ ने ठेवलेली खूण, की एन२ ने कीर्द इथपर्यंत घेतलीये, त्यापुढची पानं फाडायची नाहीत. फार उपयोगाची गोष्ट आहे पण एन२ आठवडाभर बंद पडलेला राहिला तर एन१ वर पानं साठत जातात आणि शेवटी एन१ चीच डिस्क भरून तो बंद पडतो, म्हणजे आजारी रेप्लिकामुळे धडधाकट प्रायमरी गेला. त्यासाठी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साईझ नावाचं सेटिंग १३ मध्ये आलंय, ते डिफॉल्टला अमर्याद असतं, तुमच्या डिस्कच्या हिशोबाने आकडा टाकून ठेवा. मर्यादा ओलांडली तर तो स्टँडबाय परत पहिल्यापासून बनवावा लागेल, पण धंदा तरी चालू राहील.

अजून एक, एन२ आणि एन३ च्या कॉन्फिगमध्ये क्लस्टर_नेम टाका, अनुक्रमे एन२ आणि एन३. नाही टाकलं तर दोघंही प्रायमरीला 'वॉलरिसीव्हर' याच नावाने दिसतात आणि पुढच्या पायऱ्यांमध्ये कोण कुठला ते सांगता येत नाही. डेबियन किंवा उबुंटूवर कॉन्फिग फाईल्स डेटा डिरेक्टरीच्या बाहेर असतात, बेसबॅकअप त्या आणत नाही, त्यामुळे ते हाताने करायचं. दोन्ही चालू करा.

पायरी ३: पीजी_स्टॅट_रेप्लिकेशन उघडून बसा

एन१ वर या व्ह्यूमध्ये प्रत्येक स्टँडबायची एक ओळ दिसेल आणि त्यात चार एलएसएन असतील: सेंट, राईट, फ्लश, रिप्ले. माझ्या मते अख्खं रेप्लिकेशन या चार रकान्यांमध्ये आहे. सेंट म्हणजे एन१ ने पाठवलं. राईट म्हणजे एन२ च्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे पोचलं पण अजून मेमरीतच असू शकतं, वीज गेली तर गेलं. फ्लश म्हणजे एन२ च्या डिस्कवर पक्कं झालं. रिप्ले म्हणजे त्याने खतावणी पण केली, आता एन२ वर सिलेक्ट मारलं तर ती ओळ दिसेल.

नुसतं बघू नका, प्रयोग करा. एन२ वर पीजी_वॉल_रिप्ले_पॉज हे फंक्शन चालवा. आता एन१ वर पाच-दहा ओळी टाका. व्ह्यूमध्ये एन२ चा फ्लश पुढे सरकताना दिसेल आणि रिप्ले जागच्या जागी. एन२ वर टेबल बघा, नव्या ओळी नाहीत. डेटा एन२ च्या डिस्कवर सुखरूप आहे, उद्या एन२ पुढे आला तर काहीही हरवणार नाही, पण आत्ता वाचणाऱ्याला जुनंच दिसतंय. 'डेटा सुरक्षित आहे' आणि 'डेटा दिसतोय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुस्तकं वाचून नीट कळलं नव्हतं, या एका प्रयोगाने कळलं. युजरने प्रोफाईल बदललं, पान रिफ्रेश केलं आणि जुनं नाव दिसलं अशी तक्रार आली की डेटा हरवल्याच्या शंकेने धावपळ करण्याआधी रिप्ले किती मागे आहे ते बघा. झालं की रिप्ले_रिझ्यूमने परत चालू करा.

पायरी ४: पोच कधी द्यायची ते ठरवा

आत्तापर्यंत जे लावलं ते असिंक्रोनस आहे. एन१ स्वतःच्या डिस्कवर लिहितो, क्लायंटला 'झालं' सांगतो, आणि पाठवणं मागून चालू असतं. माझी सुरुवातीची गोष्ट घडली ती याच मोडमध्ये, आणि काहीही बदललं नाही तर पोस्टग्रेस असाच चालतो.

बदलायचं असेल तर दोन सेटिंग्ज लागतात. सिंक्रोनस_कमिट सांगतं की किती खोलवर गेल्यावर पोच द्यायची, आणि सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स सांगतं की कुणाकुणाची वाट बघायची. दुसरं रिकामं असेल तर पहिलं 'ऑन' असलं तरी वाट फक्त स्वतःच्या डिस्कचीच बघितली जाते, आणि डिफॉल्टला 'ऑन' लिहिलेलं बघून 'आमचं सिंक्रोनसच आहे' असं छातीठोकपणे सांगणारे लोक मी प्रत्येक कंपनीत बघितलेत.

सिंक्रोनस_कमिटला पाच पर्याय. 'ऑफ' म्हणजे स्वतःच्या डिस्कची पण वाट बघायची नाही, डिफॉल्ट सेटिंगला शेवटच्या साधारण ०.६ सेकंदातले थोडे राईट जाऊ शकतात. 'लोकल' म्हणजे फक्त आपली डिस्क. 'रिमोट_राईट' म्हणजे स्टँडबायच्या मेमरीपर्यंत. 'ऑन' म्हणजे स्टँडबायच्या डिस्कवर फ्लश. 'रिमोट_अप्लाय' म्हणजे तिथे दिसायला पण लागलं पाहिजे, हे ९.६ मध्ये आलं. सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स मध्ये 'फर्स्ट १ (एन२, एन३)' टाकून (याचा अर्थ खाली येतोय) मघाचा पॉजचा प्रयोग रिमोट_अप्लाय लावून परत करा, एन१ वरचा कमिट तिथेच थांबून राहील. 'ऑन' ठेवून करा, पटकन होईल. चार रकान्यांपैकी कुठल्या रकान्याची वाट बघायची एवढाच हा फरक आहे.

आणि हे सेटिंग ट्रान्झॅक्शनपुरतं बदलता येतं, जे फारसं कुणी वापरत नाही. पैशाच्या टेबलवर 'ऑन', आणि 'या युजरने हे पान बघितलं' असल्या नोंदींना 'लोकल'. सगळ्यालाच एक नियम लावायची गरज नाहीये.

सिंक्रोनस_स्टँडबाय_नेम्स मध्ये दोन तऱ्हा आहेत. 'फर्स्ट १ (एन२, एन३)' म्हणजे एन२ जिवंत आहे तोवर त्याचीच वाट बघ, तो गेला तर एन३. 'एनी १ (एन२, एन३)' म्हणजे दोघांपैकी जो आधी पोच देईल तो चालेल, हे व्हर्जन १० पासून मिळतं. एनी वापरलं की एखादा स्टँडबाय मधेच हळू पडला तरी तुम्हाला जाणवत नाही, त्यामुळे बहुतेकांना तेच आवडतं. पण एनीमध्ये एक खड्डा आहे, त्याच्याकडे पुढे येतोच.

फक्त एकच स्टँडबाय असताना सिंक्रोनस करू नका. तो गेला की एन१ वरचे सगळे कमिट अडकून बसतात, म्हणजे मशीन वाढवून तुम्ही बंद पडायची शक्यता वाढवलीत. पोस्टग्रेस आपणहून कधीच माघार घेत नाही, तो वाटच बघत बसतो. मायएसक्यूएलचं सेमी-सिंक उलट वागतं, डिफॉल्टला १० सेकंद वाट बघून गुपचूप असिंक्रोनस होतं. मला पोस्टग्रेसचं वागणं जास्त पटतं, साईट अडकली तर रात्री फोन येतो आणि तुम्ही उठता, गुपचूप ढिलं पडलेलं तुम्हाला डेटा गेल्यावरच कळतं.

आता इथे एक गोष्ट नीट वाचा. अडकलेला कमिट वैतागून कॅन्सल केला तर तो रद्द होत नाही. एन१ च्या कीर्दीत तो आधीच पडलेला आहे, फक्त दुसरीकडची पोच यायची बाकी आहे. पोस्टग्रेस तुम्हाला वॉर्निंग देतो की इथे कमिट झालंय पण स्टँडबायवर पोचलं असेलच असं नाही. एन१ रीस्टार्ट केला तरी तेच, वाट बघत असलेले सगळे कमिट परत आल्यावर पक्के धरले जातात. म्हणजे अ‍ॅपला एरर मिळाली किंवा कनेक्शन तुटलं याचा अर्थ 'झालं नाही' असा नसतो, 'माहीत नाही' असा असतो. त्यामुळे अ‍ॅपने परत प्रयत्न करताना प्रत्येक ऑर्डरसोबत स्वतःचा एक युनिक नंबर पाठवावा आणि टेबलवर त्या नंबरला युनिक कन्स्ट्रेंट (तोच नंबर दोनदा येऊ न देणारा नियम) असावं, म्हणजे दोनदा टाकली तरी एकच राहते.

मशीन किती लांब ठेवायची

सिंक्रोनसची किंमत अंतरात मोजायची. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. एडब्ल्यूएसची (अ‍ॅमेझॉनची क्लाऊड सेवा) भारतातली दोन रिजन्स मुंबई आणि हैदराबाद, सरळ रेषेत सहाशे-साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे जाऊन यायला फुकटात सुद्धा ६ मिलिसेकंद, केबल सरळ जात नाही त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. मुंबईतून अमेरिकेच्या व्हर्जिनियाला पोच मागायची असेल तर साधारण १३ हजार किलोमीटर, १३० मिलिसेकंद हा निसर्गाचाच दर, कितीही महागडं मशीन घ्या. वेगवेगळ्या ओळींवरचे राईट समांतर चालतात त्यामुळे एकूण वेग फारसा पडत नाही, पण एकाच ओळीवर सगळे तुटून पडत असतील, समजा एखाद्या वस्तूचा शिल्लक स्टॉक, तर लॉक पोच येईपर्यंत सुटत नाही, आणि ६ मिलिसेकंदाला त्या ओळीवर सेकंदाला जास्तीत जास्त १६० च्या आसपास कमिट, १३० ला जेमतेम सात. म्हणून एकाच शहरातल्या वेगळ्या इमारतींमध्ये सिंक्रोनस आणि लांबच्या शहरात असिंक्रोनस अशी मांडणी बहुतेक ठिकाणी दिसते, आणि मला ती योग्य वाटते.

पायरी ५: एन१ मारा, आणि मग जपून

एन१ गेला. एन२ वर पीजी_प्रोमोट चालवलं की तो प्रायमरी होतो, हे १२ पासून फंक्शन म्हणूनच मिळतं. सोपं वाटतं, पण आता तो एनीचा खड्डा. 'एनी १' असताना शेवटची ऑर्डर एन३ ने पोच दिली म्हणून कमिट झाली असेल, एन२ पर्यंत ती आलेलीच नसेल. तुम्ही एन२ पुढे केला तर पोच दिलेला डेटा गेला, सिंक्रोनस असूनसुद्धा! म्हणून प्रमोट करायच्या आधी दोन्हीकडे पीजी_लास्ट_वॉल_रिसीव्ह_एलएसएन बघायचा आणि जो पुढे असेल तोच करायचा. आणि जर एन१ मेलेला आहे आणि एन२ शी संपर्कच होत नाहीये, फक्त एन३ दिसतोय, तर? तर एन३ कडे सगळं आहे की नाही हे सांगायचा कुठलाच मार्ग नाही, आणि खरं उत्तर हे आहे की थांबायचं. तीनपैकी दोन दिसले तरच निर्णय, एकट्याच्या जिवावर नाही.

दुसरी भीती यापेक्षा मोठी. एन१ मेलाय हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला एवढंच कळलंय की तो उत्तर देत नाही. मधली केबल तुटली असेल आणि तो पलीकडे मजेत राईट घेत असेल, तर एन२ प्रमोट केल्यावर दोन प्रायमरी होतात. याला स्प्लिट ब्रेन म्हणतात आणि याची गिटहबची घटना प्रत्येकाने अभ्यासावी. २१ ऑक्टोबर २०१८ ला ऑप्टिकल उपकरण बदलताना त्यांच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. त्यांच्या ऑर्केस्ट्रेटरने (प्रायमरी आपोआप बदलणारं साधन) मायएसक्यूएलचे प्रायमरी पश्चिम किनाऱ्यावर नेले. पण पूर्वेकडे थोडे राईट असे होऊन गेलेले जे पश्चिमेला पोचलेच नव्हते, आणि पश्चिमेने तोवर नवीन राईट घ्यायला सुरुवात केलेली. दोन्ही बाजूंना एकमेकांकडे नसलेला डेटा. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली, ४३ सेकंदांच्या तुटीला.

म्हणून नवा प्रायमरी करण्याआधी जुन्याला नक्की बंद करायचं, वीज तोडा, नेटवर्क तोडा, काहीही करा पण त्याच्यापर्यंत राईट पोचता कामा नये. जुना एन१ नंतर परत आला तर तसाच जोडू नका, त्याच्या कीर्दीत अशा ओळी असू शकतात ज्या नव्या प्रायमरीकडे नाहीत. पीजी_रिवाइंड त्याला फाटा फुटला तिथपर्यंत मागे नेऊन स्टँडबाय बनवतो, त्यासाठी वॉल_लॉग_हिंट्स किंवा डेटा चेकसम आधीपासून चालू असावे लागतात, त्यामुळे आजच चालू करा.

हे सगळं रात्री दोन वाजता माणसाने करायचं काम नाही. पॅट्रोनीसारखं साधन हे निर्णय आपणहून घेतं, पण प्रायमरी कोण हे ते एकट्याच्या भरवशावर ठरवत नाही, ते एटसीडीसारख्या ठिकाणी (थोडीशी पण महत्त्वाची माहिती अनेक मशीनवर एकसारखी ठेवणारा छोटा डेटाबेस) लिहून ठेवतं. मग एटसीडी तरी खरं बोलतो कशावरून? तिथे राफ्ट येतं, म्हणजे अनेक मशीनचं एकमत घडवायची पद्धत.

राफ्ट: पोच आणि निवडणूक एकाच नियमात बांधलेली

डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाऊट यांनी २०१४ मध्ये राफ्ट मांडलं. त्याआधी लेस्ली लॅम्पोर्ट यांचं पॅक्सोस होतं, पण ते समजायला अवघड, आणि राफ्टचा उद्देशच माणसांना समजेल असं काहीतरी करायचं हा होता.

वर आपण हाताने जे केलं तेच राफ्ट नियमाने करतं. एक लीडर, सगळे राईट त्याच्याकडे. तो लॉगमध्ये ओळ टाकतो, बाकीच्यांना पाठवतो, आणि स्वतःसकट बहुमताकडे ती पक्की झाली की मगच पोच. तीनात दोन, पाचात तीन. लीडर ठराविक वेळाने 'मी आहे' असं कळवत राहतो, एटसीडीत डिफॉल्ट १०० मिलिसेकंदाला, आणि साधारण १ सेकंद काहीच आलं नाही की एखादा नोड (म्हणजे गटातलं मशीन) टर्मचा, म्हणजे कितवी निवडणूक त्याचा, आकडा एकने वाढवून मतं मागतो. आता गंमत इथे आहे: मत देणारा आधी बघतो की उमेदवाराचा लॉग माझ्या मागे तर नाही ना, मागे असेल तर मत नाही. पोच मिळालेली ओळ बहुमताकडे आहे, निवडून यायला बहुमत लागतं, आणि तीनातले कुठलेही दोन आणि दुसरे कुठलेही दोन घ्या, एक नोड तरी दोन्हीकडे असणारच. तो सामाईक नोड मागे राहिलेल्याला मत देणार नाही. मघाशी आपण एलएसएन बघून जे डोळ्यांनी ठरवलं ते इथे मतदानातच शिरलंय.

जुना लीडर केबलच्या पलीकडे एकटा पडला असेल तर? तो राईट घेईल पण बहुमताची पोच त्याला कधीच मिळणार नाही, त्यामुळे तो क्लायंटला 'झालं' म्हणू शकत नाही. परत आल्यावर मोठा टर्म बघून मुकाट मागे होतो आणि त्याच्या अर्धवट ओळी पुसल्या जातात. वाचताना मात्र जपायचं, एकटा पडलेला लीडर जुना डेटा वाचून देऊ शकतो, म्हणून चांगली सिस्टीम वाचण्याआधी पण बहुमताला विचारते किंवा लीज (ठराविक वेळेपुरता लीडरपणाचा हक्क) वापरते.

चार नोड घेऊन काही मिळत नाही, बहुमत तीन होतं आणि एकच नोड गेलेला चालतो, तीनासारखंच. पैसे असतील तर सरळ पाच घ्या, दोन गेले तरी चालतं. कॉक्रोचडीबी, टायडीबी, युगाबाईट हे सगळे हेच वापरतात, फरक इतकाच की अख्ख्या डेटाबेसला एक राफ्ट न ठेवता डेटाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र गट करतात, म्हणजे राईटचा भार सगळ्या नोडवर वाटला जातो.

लीडरच नको असेल तर

अ‍ॅमेझॉनच्या २००७ च्या डायनॅमो पेपरमधून ही दुसरी वाट आली आणि कॅसँड्रा हा डेटाबेस तिच्यावर चालतो. राईट कुठल्याही नोडकडे द्या, तो तीनही प्रतींना पाठवतो, आणि किती जणांच्या पोचेची वाट बघायची ते प्रत्येक क्वेरीला सांगायचं: वन (एक), क्वोरम (बहुमत), ऑल (सगळे). नियम परत तोच, राईटला दोन आणि रीडला दोन, तीनात दोन अधिक दोन म्हणजे एक सामाईक. वन आणि वन ठेवलंत तर सामाईक कुणी असेलच असं नाही.

इथे तीन गोष्टींनी लोक पोळतात. एकाच सेलवर (एका ओळीतला एक रकाना) दोन राईट आले तर ज्याचा टाईमस्टॅम्प मोठा तो जिंकतो, दुसरा शांतपणे नाहीसा होतो, त्यामुळे मशीनची घड्याळं मागेपुढे असतील तर नंतरचा राईट हरतो. क्वोरमचा राईट टाईमआऊट झाला तरी एखाद्या नोडवर तो पडलेला असू शकतो, मागे घेतला जात नाही. आणि बंद पडलेल्या नोडसाठी बाकीचे डिफॉल्टला ३ तासच निरोप सांभाळून ठेवतात, त्यापुढे रिपेअर (सगळ्या प्रती ताडून जुळवणं) तुम्हालाच चालवावं लागतं, आणि डिलीटच्या खुणा १० दिवसांनी पुसल्या जाऊ शकतात, त्यामुळे त्याच्या आत रिपेअर झालं नाही तर डिलीट केलेल्या ओळी जिवंत होऊन परत येतात. ज्या कामात नोंदी फक्त वाढत जातात, सेन्सरचं रीडिंग वगैरे, तिथे कॅसँड्रा सुरेख. शिल्लक रक्कम असलं काही असेल तर मी राफ्टवाला घेईन.

पायरी ६: खोटं पकडणारा प्रयोग

शेवटी हे करा, आणि एकदा नाही, वरच्या प्रत्येक सेटिंगला करा. एक छोटी स्क्रिप्ट लिहा जी १, २, ३ असे आकडे एकेक करून टेबलमध्ये टाकते, आणि पोच आली की मगच तो आकडा स्वतःच्या मशीनवरच्या फाईलमध्ये लिहिते. एकाच खोलीतल्या मशीनवर लॅग इतका कमी असतो की असिंक्रोनसमध्ये पण काही हरवलेलं दिसणार नाही आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल, त्यामुळे लिनक्सच्या टीसी कमांडने एन१ कडून एन२ आणि एन३ कडे जाणाऱ्या पॅकेटना १०० मिलिसेकंद उशीर लावा. स्क्रिप्ट चालू असताना एन१ चं स्टँडबायकडचं नेटवर्क फायरवॉलने तोडा, स्क्रिप्टला अजून दोन-तीन सेकंद चालू द्या, मग एन१ ला अचानक बंद करा, एलएसएन बघून योग्य स्टँडबाय पुढे करा, आणि फाईलमधले आकडे टेबलशी ताडून बघा.

हे करताना तिन्ही मशीनच्या प्रॉम्प्टला वेगवेगळे रंग द्या. गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ ला रेप्लिकेशन मागे पडलं म्हणून स्टँडबायची डेटा डिरेक्टरी पुसायची होती आणि पुसली गेली प्रायमरीवरची, ३०० जीबीच्या आसपास, आणि जवळपास ६ तासांचा डेटा कायमचा गेला. आणि चुकून चालवलेली डिलीटची क्वेरी तर रेप्लिकेशन तितक्याच निष्ठेने सगळीकडे पोचवतं, त्यामुळे बॅकअप वेगळा घ्या आणि तो रिस्टोअर होतोय का ते पण बघा.

'लोकल' वर फाईलमध्ये असलेले पण टेबलमध्ये नसलेले आकडे सापडतील, आमच्या त्या ऑर्डर्स तिथेच होत्या. 'ऑन' आणि 'एनी १' वर नेटवर्क तुटताच स्क्रिप्ट अडकेल आणि फाईलमधला एकही आकडा टेबलमधून गायब नसेल. उलट एखादा आकडा टेबलमध्ये असेल आणि फाईलमध्ये नसेल, पोच परत यायच्या आत एन१ गेला म्हणून. तो आकडा दिसला तर स्क्रिप्टमध्ये बिघाड शोधू नका, तुमच्या टेबलवर ते युनिक कन्स्ट्रेंट लावलंय का ते बघा.